कॉलेजातल्या आफ्रिकन विद्यार्थी मंडळाचा पहिला कार्यक्रम: तारीख, जेवण, परवाने आणि समाजकार्य

फोंडा_एनएसएस

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम बघतो. आमच्याकडे नायजेरिया, केनिया, टांझानिया, अंगोला आणि मोझांबिक इथले मिळून वीस-बावीस विद्यार्थी आहेत. त्यांना अमेरिकेतल्या ब्लॅक स्टुडंट युनियनसारखं (कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेसारखं) मंडळ काढायचंय: वर्षातून एक मोठा सांस्कृतिक कार्यक्रम आणि वर्षभर गावात काहीतरी काम. प्राचार्य राजी आहेत. विचारायचं ते असं:

तारीख कुठली धरावी? यादीत फेब्रुवारीतला ब्लॅक हिस्टरी मंथ, 25 मेचा आफ्रिका दिन, जूनटीन्थ आणि क्वान्झा असं सगळं आलंय. साधारण दीडशे माणसांचं जेवण त्यांच्याच पद्धतीचं करायचं तर सामान गोव्यात मिळेल का? ध्वनिक्षेपक, झेंडे, निधी यांत कुठे अडकायला होतं? आणि एक दिवस किनारा झाडून फोटो काढण्यापलीकडे समाजकार्य काय करता येईल?

---

म्हापसेकर

तारखेचं आधी. ही यादी एका जागची नाही, हे ध्यानात घ्या. ब्लॅक हिस्टरी मंथ अमेरिकेचा. कार्टर वुडसन यांनी 1926 साली फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात तो सप्ताह म्हणून सुरू केला, कारण लिंकन यांचा 12 आणि फ्रेडरिक डग्लस यांचा 14 फेब्रुवारी हे दोन्ही जन्मदिवस त्यात बसत होते. सप्ताहाचा महिना करायला लावला तो विद्यार्थ्यांनी: ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने 1969 मध्ये मागणी केली आणि 1970 मध्ये तो पाळला. ब्रिटनमध्ये हाच महिना 1987 पासून ऑक्टोबरात असतो. जूनटीन्थ म्हणजे 19 जून 1865, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला तो दिवस. क्वान्झा हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा सण, 1966 साली कॅलिफोर्नियात सुरू झाला, 26 डिसेंबर ते 1 जानेवारी.

यातला क्वान्झा बाजूला ठेवा. शब्द स्वाहिली आहेत म्हणून तो आफ्रिकेतला सण असेल असं वाटतं, पण नैरोबीच्या किंवा लागोसच्या मुलाने तो घरी कधी पाहिलेला नसतो. आपण हौसेने सात मेणबत्त्या लावून द्यायच्या आणि ज्यांच्यासाठी लावल्या त्यांनी एकमेकांकडे बघत बसायचं, असं होतं. शिवाय त्या आठवड्यात कॉलेज बंद आणि गोव्यातले रस्ते तुंबलेले.

त्यांचा खरा समाईक दिवस 25 मे. 1963 साली अदिस अबाबाला आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली तो. पण मे अखेरीस आपल्याकडे सुट्टी, उकाडा आणि पहिल्या सरी. त्या दिवशी वाचनालयात छोटी बैठक ठेवा, मोठा कार्यक्रम जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात. फेब्रुवारी नको म्हणण्याचं कारण: राख बुधवारच्या आधीच्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत कार्निव्हल, त्यानंतर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा उपासाचा काळ, आणि सध्या रमजानही त्याच सुमारास येतोय (दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो). उत्तर नायजेरियातले मुसलमान विद्यार्थी असतील तर दुपारचं जेवण त्यांच्यासमोर मांडण्यात अर्थ नाही. गणेश चवथीच्या आसपासचे पंधरा दिवस तर विसराच, हॉलचा वॉचमनसुद्धा भेटत नाही.

रचनेबद्दल एकच आग्रह. सॅन फ्रान्सिस्को स्टेटला 1966 मध्ये पहिली ब्लॅक स्टुडंट युनियन उभी राहिली, ती नाचगाण्यासाठी नव्हती. नोव्हेंबर 1968 ते मार्च 1969 तिथे संप चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचं वेगळं महाविद्यालय निघालं. तेव्हा तुमच्या मंडळाच्या घटनेत पैशावर सही कोणाची, हे पहिल्याच कलमात घाला. खजिनदार विद्यार्थ्यांतला आणि सहसही प्राध्यापकाची, ही जोडी चालते. दोन्ही सह्या स्टाफच्या असल्या की कार्यक्रम कॉलेजचा होतो आणि मुलं नाचायला बोलावलेली पाहुणी. देशनिहाय एक-एक प्रतिनिधी घ्या, नाहीतर संख्येने जास्त असलेला देश सगळी पदं घेतो आणि अंगोलाची मुलं दुसऱ्या वर्षी येत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या मुलाला अध्यक्ष करू नका, मार्चनंतर तो प्रबंधात बुडतो. दुसऱ्या वर्षाचा घ्या.

---

रांदपी_साखळी

जेवणाचं मी सांगतो. दीडशे पानांना जोलोफ (पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा मसालेभात), कोंबडी, एक शाकाहारी कडधान्य, तळलेली केळी आणि कोशिंबीर एवढं पुरे. फुफू-एगुसी (कंदाचा कुटलेला गोळा आणि बियांचा रस्सा) हौसेने ठरवतात आणि दीडशेंना करताना हात टेकतात. ते दहा-पंधरा जणांना चव म्हणून ठेवा. एगुसीच्या बिया मिळत नाहीत, पण वाण्याकडचा मगज त्याच घराण्यातला, कुटून चालतो.

जोलोफला तांदूळ सेला बासमती घ्या. उकडलेला लांब दाणा हवा, तो रस पितो आणि फुटत नाही. साध्या बासमतीचा गोळा होतो. आपला उकडो (गोव्याचा उकडा तांदूळ) चवीला कितीही लाडका असला तरी जाड आणि तांबडा, रंग बसत नाही. इतर पदार्थ असताना दहा किलो तांदूळ दीडशेंना होतो. एका टोपात पाच किलोंपेक्षा जास्त घालू नका, खाली करपतं आणि वर कच्चं राहतं.

एक किलो तांदळाला: टोमॅटो एक किलो, लाल ढोबळी मिरची 400 ग्रॅम, कांदा 400 ग्रॅम (अर्धा वाटणात, अर्धा फोडणीत), डब्यातली टोमॅटो पेस्ट 200 ग्रॅम, तेल पाव लिटर, तमालपत्र, सुकं थाइम, करी पावडर. त्यांची स्कॉच बॉनेट मिरची इथे मिळत नाही. खोला मिरची रंग देते, तिखटपणासाठी थोडी हिरवी लवंगी वाटणात टाका. वाटण आधी नुसतं उकळून निम्म्यावर आणा. तेलात कांदा, मग पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परता, मग आटवलेलं वाटण, आणि तेल वर येईपर्यंत वीसेक मिनिटं ढवळत राहा. घाई होते ती इथेच. पेस्ट कच्ची राहिली की भात आंबट लागतो आणि मग लोक साखर टाकायला लागतात. त्यानंतर कोंबडीचा रस्सा आणि धुतलेला तांदूळ. पाणी तांदळाच्या जेमतेम बरोबरीने, बोटभर वर नको. वर फॉइल, त्यावर झाकण, मंद आच, अर्ध्या तासाने एकदाच खालून वर हलवायचं. तळाशी थोडं लागलं तर लागू द्या, चुलीवरच्या त्या धुरकट वासासाठीच त्यांच्याकडे लग्नातला जोलोफ वेगळा मानतात. शाकाहारी टोप वेगळा, रस्सा भाज्यांचा, डावही वेगळा.

केळी नेंद्र जातीची, साल पिवळी होऊन काळे ठिपके पडलेली. हिरवी घेतली तर वेफर होतात. कडधान्यात केनियाचं गिथेरी सोपं: चार किलो राजमा, चार किलो सुका पांढरा मका, दोन्ही बारा तास भिजवून वेगवेगळे शिजवा. मक्याला दोन तास तरी लागतात, एकत्र घातलं तर राजम्याचं पीठ होतं. पूर्व आफ्रिकेच्या मुलांना सुकुमा विकीसारखी पालेभाजी हवी असेल तर आपली तांबडी भाजी कांदा-टोमॅटोवर परतून द्या. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) मागितली तर एक लिटर उकळत्या पाण्याला अर्धा किलो मक्याचं पीठ, पण हे शेवटच्या क्षणी, माणसाला दंडात जोर हवा.

कोंबडी काफ्रियालच करा. ही गोव्याची म्हणून मिरवतो ती पोर्तुगिजांच्या आफ्रिकी वसाहतींतून आलेली, त्यामुळे मोझांबिकची मुलं तिच्यावर मत देणारच. द्या त्यांना मसाला वाटायला. हाडासकट माणशी 200 ग्रॅम धरा, आदल्या रात्री मसाला लावून फ्रीजमध्ये. मुसलमान विद्यार्थी असतील तर सगळी कोंबडी हलालच आणा, वेगळं भांडं वगैरे भानगड नको. शेंगदाण्याचा रस्सा केला तर ॲलर्जीवाल्यांसाठी पाटी ठळक लावा.

भात दोन तासांपेक्षा जास्त कोमट ठेवायचा नाही. एकतर वाफाळता, नाहीतर लगेच थंड करून फ्रीजमध्ये. जानेवारीतसुद्धा आपल्याकडे दुपारी भात बिघडतो. केटरर अन्नसुरक्षा नोंदणी असलेला घ्या आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून करून घ्या. होस्टेलच्या खोल्यांतून डबे जमवायचं धोरण ठरवलंत तर पोट बिघडल्यावर कोणाचा पदार्थ, हे शोधता येत नाही.

---

फोंडा_एनएसएस

दोघांचेही आभार. क्वान्झा गेला यादीतून. :) मुलांकडे दोन जेंबे (हाताने वाजवायचे आफ्रिकन ढोल) आहेत आणि आमच्या गावचं घुमट (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) आरतीचं पथक एकत्र वाजवायला तयार आहे. उघड्यावर करू की हॉलमध्ये?

---

शामेळवादक

हॉलमध्ये. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज असेल तर ती अडचण नसते. उघड्यावर ठेवलंत तर पंचायतीचा ना हरकत दाखला, ध्वनिक्षेपकाचा परवाना, पोलिस ठाण्याला पत्र, आणि एवढं करून शेजारच्या एका फोनने साडेनऊला बंद. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहेच, जानेवारीची तारीख दिवाळीआधी धरा. नंतर नाट्यस्पर्धा आणि स्नेहसंमेलनं सगळं खाऊन टाकतात.

वाद्यांचं. जेंबे आणि घुमट दोन्हींना बकऱ्याचं कातडं (घोरपडीचं जुनं घुमट कोणी आणलं तर मंचावर चढवू नका, तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहे). दमट हवेत दोन्ही सैल पडतात, एसीत ताणली जातात. म्हणून हॉलमध्ये तासभर आधी आणून ठेवा आणि मग सूर लावा. बाहेर ऊन दाखवून आत आणलं की दुसऱ्या गाण्याला स्वर हलतो. जेंबेची दोरी घट्ट करायची तर दोन दिवस आधी, थोडी थोडी. कार्यक्रमाच्या सकाळी ताणलेलं पान (वरचं कातडं) मंचावर फाटतं. घुमटाला ती सोय नाही, सैल झालं तर शेक देऊन बघायचं, फार जवळून नाही.

माइक जेंबेला खालून लावा. घुमारा खालच्या तोंडातून येतो, म्हणून वाद्य किंचित कलतं धरायचं, नाहीतर जमिनीवर टेकून सगळा बास मरतो. वरच्या पानाला दुसरा माइक एक वीत अंतरावर. घुमटाचा आवाज मडक्याच्या उघड्या तोंडातून, ते वादक हाताने झाकतो-उघडतो, तेव्हा माइक हाताला लागणार नाही इतका लांब. शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळ्याला (झांजांना) माइक नको, ती आपोआप सगळ्यांवर बसतात.

तालीम किमान चार वेळा. आरतीचं पथक हळू सुरू करून लय चढवत नेतं, जेंबेवाले एकाच लयीत फिरत राहतात आणि खुणेच्या ठेक्याने बदलतात. हे आधी ठरलं नाही तर मध्येच दोघं दोन वाटांनी जातात. उपाय सोपा: बदलाची खूण जेंबेने द्यायची, शेवटचा चढ घुमटाने घ्यायचा.

आणि हात जोडून: शाळेच्या मुलांना काळं फासून, पानांचे घागरे नेसवून "आफ्रिकन डान्स" बसवू देऊ नका. दर गॅदरिंगला कोणीतरी सुचवतंच. ती मुलं समोर पहिल्या रांगेत बसलेली असतील.

---

कागदपत्री

निधीत सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून सविस्तर. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, मग ती रुपयात आणि भारतात बसून दिलेली का असेना, परदेशी योगदान नियमन कायद्याखाली परदेशी योगदान धरली जाते. म्हणजे तुमच्या मुलांनी आपसात पैसे काढून गावातल्या अनाथाश्रमाला चेक दिला, आणि त्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी नसली, तर अडचणीत ती संस्था येते. नोंदणी असली तरी पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. तेव्हा दानपेटी नको. श्रम द्या, वेळ द्या. कार्यक्रमाचा खर्च कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून, आणि पावत्या कॉलेजच्या नावे.

विद्यार्थी व्हिसावर कमाई चालत नाही. खाद्यपदार्थांचा किंवा केस विणण्याचा स्टॉल लावून पैसे मुलांच्या खिशात गेले तर तो व्यवसाय दिसतो. स्टॉल लावायचेच तर कूपन कॉलेजने छापावीत. बाहेरच्या कॉलेजने मानधन देऊ केलं तर स्मृतिचिन्हावर भागवा.

संगीत: प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. "सर्वांचे स्वागत" असं बॅनरवर लिहिलं की सूट गेली, आणि ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी परवाना मागायला माणूस येतो. निमंत्रणावर नावं घाला.

झेंडे: ध्वजसंहितेनुसार इतर देशांच्या रांगेत तिरंगा टोकाला उजवीकडे, म्हणजे रांगेतून प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या माणसाच्या उजव्या हाताला. प्रेक्षकांना तो डावीकडे पहिला दिसतो. त्यापुढे देश इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने, सगळे एका मापाचे, वेगवेगळ्या काठ्यांवर. छापणारा हमखास चुकतो ते: गिनी आणि माली एकमेकांचे आरसे (गिनीचा काठीकडून लाल, मालीचा हिरवा), आयव्हरी कोस्टचा नारिंगी काठीकडे, उलटा धरला की आयर्लंड. छपाईआधी त्या-त्या देशाच्या मुलाची प्रूफवर सही घ्या.

---

फोंतेन्हासकर

समाजकार्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून. गोव्याचा फायदा घ्या. अंगोला आणि मोझांबिकची मुलं पोर्तुगीज बोलतात, आणि आपल्या कित्येक शाळांत पोर्तुगीज शिकवली जाते पण बोलायला कोणी नसतं. आठवड्यातून एक तास, आठ-दहा मुलांचा गट, वाचनालयाचं टेबल. व्याकरण नाही, नुसत्या गप्पा. सत्राचे विषय आधी शाळेच्या बाईंना दाखवा, दोन विद्यार्थी एकत्र पाठवा म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात खंड पडत नाही. पूर्व आफ्रिकेच्या मुलांना वृद्धाश्रमात न्या. केनिया, टांझानिया, युगांडात आयुष्य काढून परतलेले "आफ्रिकार" म्हातारे अजून आहेत, स्वाहिली ऐकल्यावर ते तासभर सोडत नाहीत. परवानगी घेऊन ते बोलणं ध्वनिमुद्रित करा, तेच पुढच्या वर्षीचं प्रदर्शन.

म्हापसेकरांनी अमेरिकेचा इतिहास बराच सांगितला, प्रदर्शनाबद्दल माझं मत थोडं वेगळं. अमेरिकेची पाटी एक पुरे, बाकी भिंत गोवा-आफ्रिकेची करा. पियु गामा पिंटो: नैरोबीत जन्म, गोंयकार घराणं, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, 24 फेब्रुवारी 1965 ला खून. जोसेफ मुरुंबी: वडील गोंयकार, आई मसाई, 1966 मध्ये केनियाचे उपराष्ट्रपती. आक्विनु द ब्रागांसा: गोव्यात जन्म, मोझांबिकच्या लढ्याचे विचारवंत, 19 ऑक्टोबर 1986 ला अध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात मृत्यू. स्वातंत्र्याच्या तारखांची एक पट्टी करा: टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) 9 डिसेंबर 1961, गोवा 19 डिसेंबर 1961, मोझांबिक 25 जून 1975, अंगोला 11 नोव्हेंबर 1975. आणि दुसरी बाजूही लावा: मोझांबिकहून गोव्यात गुलाम आणले जात होते, इथून पळालेल्यांचे वंशज उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलांत सिद्दी म्हणून राहतात. त्यांचं पथक बोलावलंत तर "आफ्रिकन पथक" म्हणून ओळख करून देऊ नका. ते भारतीय नागरिक आहेत, कोंकणी बोलतात आणि प्रवासखर्च व मानधन त्यांना बिनधास्त देता येतं.

---

म्हापसेकर

भिंतीचं पटलं. फक्त मराठी वाचकासाठी एक फलक वाढवा: जोतिराव फुल्यांनी 1873 ची "गुलामगिरी" अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, आणि 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या 1966 च्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आफ्रिकन मुलांना हे सहसा माहीत नसतं, आपल्यांनाही नसतं. फलक 12 पेक्षा जास्त नकोत, प्रत्येकी 80-100 शब्द, मराठी आणि इंग्रजी. ए2 आकार, अक्षर 24 पॉइंटच्या खाली नाही. मॅट कागद घ्या, चकचकीतवर हॉलचे दिवे चमकतात आणि काही वाचता येत नाही.

---

फोंडा_एनएसएस

एनएसएसतर्फे त्यांच्यासोबत एक आरोग्य शिबिर घ्यायचंही डोक्यात आहे. रक्तदान की आणखी काही?

---

बांबोळी_लॅब

रक्तदानाला मुलं येतील, पण गेल्या तीन महिन्यांत मलेरिया झालेला, 28 दिवसांत जिवंत विषाणूची लस घेतलेली, हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असलेली सगळी परत पाठवली जातात. सुट्टीवरून नुकत्याच परतलेल्यांची संख्या मोठी असते, तेव्हा प्रश्नावली आदल्या आठवड्यात भरून घ्या, रांगेत नकार नको.

त्यापेक्षा सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) जागृती चांगली जमेल. हा आजार पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत जितका ओळखीचा तितकाच विदर्भ, गुजरात, छत्तीसगडच्या आदिवासी भागांत, आणि नायजेरियाच्या मुलांना आपला जीनोटाइप (आपण निरोगी, वाहक की रुग्ण हे सांगणारी जनुकांची जोडी) बहुधा पाठ असतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50. हे त्यांनी फळ्यावर चौकोन काढून समजावलेलं आपल्या मुलांना लवकर पटतं. तपासणी ठेवलीत तर विद्राव्यता चाचणी फक्त चाळणी आहे, ती वाहक आणि रुग्ण वेगळे सांगत नाही. पॉझिटिव्ह आलेल्याचा नमुना एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या खात्रीच्या चाचणीला) गेलाच पाहिजे, नसता उगाच घाबरवून घरी पाठवल्यासारखं होतं. नुकतंच रक्त चढवलेल्याची तपासणी तीन महिने करू नका. निकाल बंद पाकिटात, एकेकाला. जागतिक सिकलसेल दिन 19 जूनला असतो, नेमका जूनटीन्थच्या दिवशी, आणि तोवर कॉलेज उघडलेलं असतं.